वाचकांचे प्रश्न : खिळे, शाई आणि कागद

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत छपाईविषयीचे प्रश्न मोठ्या संख्येने आहेत. विचारणाऱ्यांत विद्यार्थी आहेत, मांडणीकार आहेत, ग्रंथपाल आहेत आणि निव्वळ वाचनाची आवड असणारेही आहेत. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी दृक्‌कलेची विद्यार्थिनी आहे. आमचा सगळा अभ्यास संगणकावर चालतो, तरीही वर्गातील अनेकांना खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईची, म्हणजे लेटरप्रेसची, विलक्षण ओढ वाटते. आमचे एक शिक्षक याला जुन्या दिवसांविषयीचे हळवेपण म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : मला ते पटत नाही. हळवे होण्यासाठी मुळात आठवण असावी लागते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तापलेल्या शिशाच्या ओळी ओतून जुळवलेला आपला शेवटचा अंक २ जुलै १९७८ रोजी काढला, आणि त्या सुमाराला जगभरच्या मोठ्या छापखान्यांतून खिळे आणि ओळी ओतणारी यंत्रे हलवली जात होती. आपल्या वर्गातील कोणी तेव्हा जन्मलेलेही नसणार. तेव्हा या ओढीचे कारण आठवणीत नसून त्या कामातच असले पाहिजे.

ते काम जवळून पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, धरतो आणि उजव्या हाताने केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या उथळ पेटीतल्या, खणांतून एकेक खिळा उचलून तिच्यात बसवत जातो. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते आणि ओळ स्टिकमध्ये डोक्यावर उभी राहते, त्यामुळे ती डावीकडून उजवीकडे, पण उफराटी वाचायची सवय करून घ्यावी लागते. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा नीट बसला हे न पाहताच कळते. दोन शब्दांमधली मोकळी जागाही हातानेच ठेवायची असते, कारण तीही धातूचीच असते : खिळ्यापेक्षा उंचीने कमी, म्हणून शाई न लागणारी. दोन ओळींमधले अंतर शिशाच्या पट्ट्यांनी राखायचे. ओळ इतकी घट्ट भरली पाहिजे की स्टिक कलती केली तरी ती पडू नये, आणि इतकी सैलही असली पाहिजे की बोटाने दाबताच हलावी. शेवटी सगळा मजकूर लोखंडी चौकटीत आवळून फर्मा तयार होतो, आणि उचलताना त्यातला एकही खिळा खाली गळत नसेल तरच तो यंत्रावर चढतो.

पडद्यावर मोकळी जागा म्हणजे काही नसलेली जागा. इथे मात्र पानाचा कोरा भाग शब्दांइतकाच भरीव आणि वजनदार असतो. समास ठेवायचा असेल तर तेवढा धातू किंवा लाकूड उचलून बसवावे लागते. मांडणी शिकणाऱ्याला अक्षरांमधले अंतर म्हणजे काय हे एका दुपारच्या जुळणीतून जितके कळते, तितके अनेक महिन्यांच्या अभ्यासातून कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. शिवाय खिळे मोजके असतात. 'ळ' संपला तर संपला. मग वाक्य बदला, नाहीतर आधी छापलेला मजकूर सोडवून खिळे परत केसमध्ये टाका. त्यामुळे काय म्हणायचे आणि किती म्हणायचे याचा निर्णय हात चालवण्याआधीच घ्यावा लागतो. संगणकाने हा निर्णय अखेरपर्यंत पुढे ढकलता येण्याची सोय दिली. ती सोय फार मोठी आहे आणि ती सोडून द्यावी असे मी कोणालाही सुचवणार नाही. पण तिच्यामुळे निर्णय घेण्याचा सराव कमी होतो, हे नाकारता येणार नाही.

याला एक दुसरी बाजूही आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. छापलेले पान छापल्यावर तसेच राहते. माझ्या हातातली प्रत आणि हजार मैलांवरच्या वाचकाच्या हातातली प्रत शब्दाशब्दाने सारखी असते, आणि लिहिणाऱ्याला उद्या वाटले म्हणून ती गुपचूप बदलता येत नाही. चूक झाली तर शुद्धिपत्र छापावे लागते, म्हणजे चूक उघडपणे मान्य करावी लागते. पडद्यावरचा मजकूर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकतो, आणि मधल्या बदलाचा मागमूसही राहत नाही. रोज अशा मजकुरात वावरणाऱ्या पिढीला शब्द स्थिर असण्याचे अप्रूप वाटले, तर त्याला हळवेपण म्हणणे हा त्या पिढीवर अन्याय आहे. ती एका खऱ्या उणिवेवर बोट ठेवते आहे.

प्रश्न : हल्लीच्या लेटरप्रेसच्या कार्डांवर अक्षरे कागदात खोल रुतलेली असतात. खऱ्या लेटरप्रेसची हीच खूण मानायची का?

उत्तर : नाही, आणि विसाव्या शतकातल्या बहुतेक व्यावसायिक मुद्रकांनी तर अशा कार्डांना सदोष ठरवले असते. शाई कागदावर उतरेल एवढाच स्पर्श व्हावा आणि कागदाच्या मागच्या बाजूला काही जाणवू नये, असा त्यांचा आग्रह असे. पहिला कागद निघाला की यंत्रचालक तो उलटा करून मागून बोट फिरवत असे. एखादे अक्षर फिके आले तर फर्म्याला हात न लावता, कागदामागच्या गादीवर नेमक्या त्या ठिकाणी पातळ कागदाचा तुकडा चिकटवला जाई, आणि अशी डागडुजी करण्यात कधी छपाईपेक्षा जास्त वेळ जात असे. दाब वाढला की शिशाचे खिळे झिजतात, बारीक रेषा तुटतात. म्हणून या आग्रहामागे सौंदर्यदृष्टीइतकीच काटकसरही होती.

तरी खोल ठसा ही अगदी आजची कल्पना आहे असेही म्हणता येत नाही. हातयंत्रांच्या काळात कागद ओलसर करून छापत, आणि त्या काळच्या पुस्तकांच्या पानांवर बोट फिरवले तर ठसा स्पष्ट लागतो. इंग्रज लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये केल्म्सकॉट प्रेस हा आपला छापखाना सुरू केला, तेव्हा वाफेवरची यंत्रे रूढ होऊन कितीतरी दशके लोटली होती. लंडनचे 'द टाइम्स' हे वृत्तपत्र तर १८१४ मध्येच वाफेच्या यंत्रावर छापले गेले होते. मॉरिस यांनी मात्र मुद्दाम हातयंत्र, हातकागद आणि दाट शाई निवडली. वेगवान छपाईमुळे पुस्तक बेढब झाले आहे, ही त्यांची तक्रार होती. आजच्या ठसठशीत कार्डांचे मूळ धंदेवाईक छापखान्यांपेक्षा या परंपरेत शोधणे अधिक योग्य ठरेल. कापसाच्या धाग्यांपासून केलेला जाड, मऊ कागद दाब सोसतो, आणि कडक केलेल्या पॉलिमरच्या, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या, प्लेटमुळे खिळे झिजण्याची भीतीही उरत नाही.

खूणच हवी असेल तर भिंगातून पाहा. उठावाच्या छपाईत, म्हणजे लेटरप्रेसमध्ये, दाबामुळे शाई अक्षराच्या कडेकडे सरकते, म्हणून अक्षराच्या भोवती किंचित गडद किनार दिसते. ऑफसेटमध्ये शाई आधी रबरी आवरणावर आणि तिथून कागदावर येते, त्यामुळे थर सर्वत्र सारखा आणि कडा सपाट दिसतात. लेझर प्रिंटरच्या अक्षराभोवती भुकटीचे विखुरलेले कण सापडतात. ही किनार हलक्या दाबाच्या छपाईतही बहुधा दिसते, म्हणून रुतलेल्या अक्षरापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवावा.

प्रश्न : मी संगणकावर मांडणी करून तिची पॉलिमरची प्लेट करून घेतो आणि ती जुन्या ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर, छापतो. खिळे जुळवणारे मित्र म्हणतात की ही लेटरप्रेसच नव्हे. आपले मत काय?

उत्तर : आपण करता ती लेटरप्रेसच आहे. उठावाच्या पृष्ठभागाला शाई लावून कागद दाबणे ही या तंत्राची व्याख्या, आणि आपली प्लेट ती पूर्ण करते. मांडणीच्या निगेटिव्हमधून अतिनील प्रकाश जिथे पोचतो तिथे पॉलिमर कडक होते, उरलेले पाण्याने धुऊन जाते, आणि ती प्लेट अशा जाडीच्या धातूच्या बैठकीवर बसते की एकूण उंची खिळ्याएवढी, म्हणजे इंग्रजी-अमेरिकी मापाने सुमारे २३.३ मिलिमीटर, भरते. चित्रांचे ब्लॉक तर खिळ्यांच्या सोबतीने पूर्वीपासूनच वापरले जात आले आहेत. आपल्या मित्रांचे एवढेच बरोबर आहे की आपण छपाई करता, जुळणी करत नाही. या दोन वेगळ्या विद्या आहेत आणि आपल्याला दुसरीही शिकता आली तर उत्तमच. मात्र अनेक जुनी यंत्रे भंगारात जाण्यापासून याच प्लेटांनी वाचवली आहेत, कारण खिळे मिळेनासे झाल्यावरही त्यांना काम मिळत राहिले.

धातू आणि संगणक यांना शत्रू मानू नये, हे सांगण्यासाठी लंडनच्या डव्ह्‌ज प्रेस या छापखान्याची हकिकत आठवते. कॉब्डेन-सँडरसन आणि एमरी वॉकर यांनी १९०० मध्ये ती सुरू केली. तिच्यासाठी एकच अक्षरवळण, एकाच आकारात, ओतून घेतले होते. पुढे भागीदारांत बेबनाव झाला. आपल्यानंतर हे खिळे वॉकर यांच्या हाती पडतील आणि ते यंत्रांवर वापरले जातील ही कल्पना कॉब्डेन-सँडरसन यांना सोसवेना, म्हणून १९१६ च्या ऑगस्टअखेरीपासून रात्री-अपरात्री हॅमरस्मिथच्या पुलावर जाऊन त्यांनी एक टनाहून अधिक धातू थोडा थोडा करून थेम्स नदीत टाकून दिला. वय झालेल्या माणसाने हे एकट्याने केले. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, रॉबर्ट ग्रीन या अक्षररचनाकाराने पाणबुड्यांच्या मदतीने त्यातले सुमारे दीडशे खिळे गाळातून वर काढले. छापलेल्या पानांवरून त्या अक्षरांचे संगणकीय रूप त्याने आधीच तयार केले होते, ते या खिळ्यांशी ताडून त्याला सुधारता आले. शाई पसरून अक्षर जाड दिसते, म्हणून छापील पानावरून मूळ वळणाचा अंदाजच बांधता येतो. नेमकी कड धातूवरच पाहायला मिळते. आज ते अक्षरवळण कोणालाही संगणकावर वापरता येते, आणि आपल्यासारख्याला त्याची प्लेट करून पुन्हा शाईने छापताही येते.

प्रश्न : देवनागरीची खिळेजुळणी रोमन लिपीपेक्षा अवघड असे म्हणतात, ते का?

उत्तर : रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की ओळ होते. देवनागरीत मुख्य अक्षर, त्याच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि रुकार, असे तीन मजले सांभाळावे लागतात, आणि त्यात जोडाक्षरांची भर पडते. यावर ओतकाम करणाऱ्यांनी मुख्यतः दोन मार्ग काढले. अक्षर आणि चिन्ह एकाच खिळ्यावर ओतले तर जुळणी सोपी होते, पण खिळ्यांचे प्रकार वाढत जातात. चिन्हे वेगळ्या, लहान अंगाच्या खिळ्यांवर ओतली तर प्रकार आटोक्यात राहतात, पण प्रत्येक ओळ तीन थरांत बांधावी लागते आणि ते इवलेसे खिळे हरवतात, मोडतात. कोणताही मार्ग घेतला तरी खणांची संख्या शेकड्यांत जाते, त्यामुळे जुळाऱ्याला अनेक केसेस भोवती मांडून काम करावे लागे आणि त्यांतल्या प्रत्येक खणाची जागा पाठ असावी लागे.

खरी कसोटी शिरोरेषेची. ती प्रत्येक खिळ्यावर तुकड्यातुकड्याने असते, आणि शब्द छापल्यावर ती अखंड दिसली पाहिजे. खिळ्याची कड केसाएवढी झिजली तरी दोन अक्षरांमध्ये फट पडते. जुन्या मराठी पुस्तकात शिरोरेषा जागोजाग तुटलेली दिसली, तर ते खिळे फार छपाया सोसून आलेले आहेत असे समजावे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत आणि मराठी पुस्तके मिळाली तर याच नजरेने अवश्य पाहावीत. बारीक अक्षरांतही जोडाक्षरांचे वळण सुटत नाही आणि शिरोरेषा सरळ धावते. ते पान पाहताना अक्षरे ओतणारा, जुळवणारा आणि छापणारा या तिघांची एकमेकांवरची भिस्त समोर दिसते, आणि मला तरी त्या कामाविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

म्हणूनच एक विनंती. कोणाकडे देवनागरी खिळ्यांच्या केसेस पडून असतील, तर त्या शोभेच्या वस्तू म्हणून सुट्या विकू नयेत. अनेक केसेसमधल्या एका संचाचे खिळे एकदा वेगळे झाले की उरलेल्यांतून एक परिच्छेदही जुळत नाही. संच पुरा ठेवावा, खणांच्या मांडणीचा नकाशा सोबत असू द्यावा आणि तो शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेकडे द्यावा. खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे असल्यामुळे वितळवून विकायला सोपे असतात. अनेक संच असेच नाहीसे झाले आहेत.

प्रश्न : कागदावर वाचलेले अधिक चांगले समजते, यात तथ्य आहे की ही पुस्तकप्रेमींची समजूत आहे?

उत्तर : तथ्य आहे, पण मर्यादित. २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा आणि १,७०,००० हून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा काहीसे सरस आढळले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक अधिक ठळक झाला. निव्वळ कथात्मक मजकुरात मात्र फरक दिसला नाही. पडद्याची सवय वाढेल तसा हा फरक मिटत जाईल अशी अपेक्षा होती. त्या सतरा-अठरा वर्षांत तो उलट वाढलेला दिसला. फरक लहान आहे, त्यामुळे पडद्यावर वाचल्याने काही कळतच नाही असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. कादंबरी कशावरही वाचावी, परीक्षेचा किंवा कायद्याचा मजकूर शक्य असेल तर कागदावर वाचावा, इतका व्यवहार त्यातून निघतो.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग पूर्ण झाले आहे. जागेची अडचण असल्याने मूळ अंक काढून टाकावेत असा प्रस्ताव आहे. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर : ते अंक काढून टाकू नयेत, असे मी कळकळीने सांगतो. ब्रिटनमध्ये १०८६ साली झालेल्या जमीनपाहणीच्या नोंदवहीला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशभरातून माहिती जमवून तिची नवी, डिजिटल आवृत्ती लेझर डिस्कवर काढली. वीस वर्षे व्हायच्या आतच ती वाचणारी यंत्रे आणि संगणक दुर्मीळ झाले आणि ती माहिती सोडवून घेण्यासाठी संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावे लागले. मूळ नोंदवही मात्र आजही उघडून वाचता येते. चीनमध्ये ८६८ साली लाकडी ठशांनी छापलेले वज्रसूत्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. छपाईची तारीख असलेले ते सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक मानले जाते.

याचा अर्थ सगळाच कागद टिकतो असा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी वापरून केलेला आम्लधर्मी कागद सर्रास आला. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. आपली नियतकालिके बहुधा अशाच कागदावरची असतील, म्हणून स्कॅनिंग झाले हे फार चांगले झाले. वाचकांना स्कॅन द्यावेत आणि मूळ अंक आम्लरहित खोक्यांत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, शक्यतो आडवे ठेवावेत. स्कॅनमध्ये एखादे पान सुटले आहे, जाहिरातींची पाने गाळली गेली आहेत किंवा पुसट अक्षर यंत्राने चुकीचे वाचले आहे, हे पुढे कोणाच्या तरी लक्षात येईल, तेव्हा ताडून पाहण्यासाठी मूळ अंक जागेवर असला पाहिजे. जागाच नसेल तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयाकडे ते सोपवण्यापूर्वी तिथे हा संच आधीपासून आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण दुबार प्रती अनेकदा तिथूनही बाहेर पडतात.

प्रश्न : एका निवृत्त मुद्रकाकडून छोटे हातयंत्र आणि खिळ्यांच्या काही केसेस मिळाल्या आहेत. सुरुवात कशी करावी, आणि शिशाचा धोका कितपत असतो?

उत्तर : सर्वप्रथम त्या मुद्रकांकडे काही दिवस जाऊन बसा, यंत्र कुठे अडते आणि कुठे आवाज करते हे त्यांच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही. घन शिसे हाताळण्याचा धोका मर्यादित असतो. खरा धोका धुळीचा असतो. बंद केसमध्ये, विशेषतः दमट जागी, खिळ्यांवर पांढरी भुकटी चढते. ती शिशाच्या क्षाराची असते. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झटकू नये. हातमोजे आणि योग्य मुखपट्टी घालून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे. कामाच्या जागी खाणेपिणे नको, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. खिळे घरी वितळवण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

पहिल्या कामासाठी चार-पाच ओळींचा मजकूर पुरे. तो एकाच आकाराच्या खिळ्यांत जुळवा, प्रूफ काढा आणि ते दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण स्वतः जुळवलेल्या ओळीतली चूक डोळ्यांना दिसत नाही. शाई वाटते त्याहून कमी लावा. अक्षरांची पोटे भरून आली तर आधी शाई कमी करून पाहा, दाब नंतर बदला. छपाई संपताच खिळे पुसून त्याच दिवशी आपापल्या खणांत परत टाका. वाळलेली शाई पुढच्या वेळी फार त्रास देते, आणि एकमेकांत मिसळलेले खिळे वेगळे करण्यात जुळणीच्या अनेकपट वेळ जातो.